कड्यावरचे पिलबॉक्स : घाईचं स्थापत्य

इंग्लंडच्या पूर्व किंवा दक्षिण किनाऱ्यावर सुट्टीला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी पिलबॉक्स पाहिलेला असतो. फक्त त्याला पिलबॉक्स म्हणतात हे ठाऊक नसतं. कड्यावरची पायवाट, एका हाताला शेत, दुसऱ्या हाताला खाली समुद्र, आणि मध्येच गवतात अर्धा बुडालेला एक बुटका, सहा कोनांचा, करड्या काँक्रीटचा खोका. आत डोकावलं तर अंधार, ओल, बिअरचे रिकामे कॅन आणि भिंतीवर कोणाकोणाची नावं. मुलं विचारतात, "हे काय आहे?" आपण सांगतो, "लढाईच्या वेळचं काहीतरी आहे रे," आणि डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांकडे वळतो.

या लेखात त्या 'काहीतरी'पाशी जरा थांबायचं आहे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या नाटकाची, पुस्तकाची किंवा सिनेमाची समीक्षा येते. तशीच ही एका बांधकामाची समीक्षा समजा. ते कोणी आणि का बांधलं, ज्या कामासाठी बांधलं ते काम त्याला जमलं असतं का, आणि नंतर आलेल्या लेखकांनी, फोटोग्राफरांनी आणि वारसा जपणाऱ्या मंडळींनी त्याच्याकडे नीट पाहिलं का, असे तीन प्रश्न आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. शस्त्र म्हणून पिलबॉक्स बेताचाच आहे. पण १९४० च्या उन्हाळ्याचा त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार मला दुसरा सापडलेला नाही. कारण तो बांधणाऱ्यांना पुढे काय होणार हे माहीत नव्हतं.

किल्ले पाहत वाढलेल्या मराठी माणसाची इथे थोडी पंचाईत होते. आपला डोळा तयार झाला तो सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा पाहून. किल्ला म्हटला की आपल्याला बुरूज हवा, महादरवाजा हवा, आणि त्याच्याशी जोडलेलं एखादं नाव आणि एखादा पराक्रम हवा. पिलबॉक्सपाशी यातलं काहीच नाही. बांधणाऱ्याचं नाव नाही, लढणाऱ्याचं नाही, लढाईचंही नाही. एक गोष्ट तेवढी ओळखीची वाटते, ती म्हणजे भिंतींतल्या जंग्या. बाहेरून अरुंद फट आणि आतून बंदूक फिरवायला जागा, ही युक्ती इथेही आहे. तेव्हा पराक्रमाची अपेक्षा थोडा वेळ बाजूला ठेवून, गडाची जंगी पाहतो त्या बारकाईने या खोक्याकडे पाहू.

आधी पार्श्वभूमी. १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्य फ्रान्समध्ये घुसलं आणि ब्रिटिश सैन्य समुद्रापर्यंत मागे रेटलं गेलं. २६ मे ते ४ जून या दिवसांत डंकर्कहून ३,३८,००० हून जास्त सैनिकांना बोटींतून सोडवून आणलं. माणसं आली, सामान तिकडेच राहिलं. सुमारे अडीच हजार तोफा आणि हजारो गाड्या फ्रान्समध्ये सोडून द्याव्या लागल्या. म्हणजे शत्रू खाडीच्या पलीकडे येऊन बसलेला, आणि इकडे घर राखायला रिकाम्या हातांचं सैन्य. त्याच सुमारास, २७ मे रोजी, जनरल एडमंड आयर्नसाइड यांच्याकडे देशाच्या संरक्षणाची सूत्रं आली. जे हाताशी होतं त्यातून त्यांनी योजना आखली. किनाऱ्यावर एक कठीण 'कवच', त्यामागे देशभर आडव्यातिडव्या अडथळ्यांच्या रेषा, आणि शेवटी लंडन आणि मध्य इंग्लंडचे कारखाने राखणारी मुख्य रेषा. तोफा आणि रणगाडे नव्हते. सिमेंट, खडी, वाळू आणि मजूर होते. पिलबॉक्स हे त्या हिशोबाचं उत्तर होतं.

युद्धखात्याच्या तटबंदी आणि बांधकाम विभागातल्या 'एफ डब्ल्यू ३' या शाखेने मे-जूनमध्ये काही ठराविक आराखडे काढले आणि त्यांना नुसते क्रमांक दिले. टाइप २२ म्हणजे नियमित षटकोन. टाइप २४ म्हणजे अनियमित षटकोन, मागची भिंत सुमारे चौदा फूट आणि बाकीच्या पाच साधारण सात-आठ फुटांच्या. टाइप २६ चौकोनी. टाइप २८ मोठा, रणगाडाविरोधी तोफेसाठी. यांतला टाइप २४ सगळ्यांत जास्त दिसतो. बांधकामाचं काम सिव्हिल कंत्राटदारांकडे आणि देखरेख लष्करी इंजिनिअरांकडे. पिलबॉक्स आणि तत्सम पक्की मोर्चेबंदी मिळून सुमारे २८,००० बांधकामं झाली असं मानतात, आणि त्यांतली बहुसंख्य १९४० च्या काही महिन्यांतच. आज त्यांतली सुमारे साडेसहा हजार उरली आहेत.

आता टाइप २४ च्या आत जाऊ. दार बुटकं आहे, वाकूनच शिरावं लागतं. शिरल्यावर समोर एक आडवी भिंत येते. आपल्या गडांवर गोमुखी दरवाजा असतो, शत्रूला सरळ आत येता येऊ नये म्हणून. ही त्याचीच गरीब, लहान बहीण म्हणायला हरकत नाही. एखाद्या जंगीतून गोळी आत आलीच, तर ती खोलीभर आपटत फिरू नये हे या मधल्या भिंतीचं काम. शिवाय ती छताच्या स्लॅबला आधारही देते. एका भिंतीकडून दोन कामं करून घेणं हा या आराखड्यातला सगळ्यांत हुशार भाग आहे. दाराच्या भिंतीत दोन्ही बाजूंना रायफलीसाठी लहान भोकं, आणि उरलेल्या पाचही भिंतींत ब्रेन मशीनगनसाठी एकेक जंगी. आत सात-आठ माणसं. झोपायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही.

भिंतीची जाडी हा कळीचा मुद्दा. साध्या आवृत्तीत ती साधारण एक फूट ते सव्वा फूट. एवढी भिंत रायफलीची गोळी अडवते, तोफेचा गोळा नाही. जाड आवृत्तीत ती तीन फुटांच्या वर जाते, पण तिला काँक्रीटही कितीतरी जास्त लागतं. म्हणजे आराखडा काढणाऱ्याने पहिल्याच पानावर ठरवलं होतं की बऱ्याच खोक्यांतल्या माणसांना गोळीपासून वाचवू, तोफेपासून वाचवणं परवडणार नाही. ही निवड निर्दयपणाची वाटेल, पण ती लपवलेली नाही. भिंतीला हात लावला की कळते.

आमच्या आयटीच्या धंद्यातल्या लोकांना पुढची गोष्ट ऐकून हसू येईल. मुख्य ऑफिसातून एक स्टँडर्ड डिझाइन येतं आणि प्रत्येक साइटवर ते 'इथल्या गरजेप्रमाणे' बदललं जातं. इथे अगदी तेच झालं. लाकडाच्या फळ्यांचं शटरिंग मिळालं तिथे भिंतीवर फळ्यांचे ठसे उमटले. ते आजही दिसतात, लाकडाच्या गाठीसुद्धा मोजता येतात. लाकूड नव्हतं तिथे विटांच्या भिंतीच शटरिंग म्हणून रचल्या, मध्ये काँक्रीट ओतलं आणि विटा तशाच राहू दिल्या. म्हणून काही पिलबॉक्स लांबून एखाद्या शेतातल्या खोलीसारखे वाटतात. काही ठिकाणी पन्हळी पत्रा वापरला. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर एक वेगळाच लांबट नमुना दिसतो, तर काही ठिकाणी मोठ्या काँक्रीट पाइपाचा तुकडा उभा करून त्यालाच जंग्या पाडलेल्या. उरलेले सगळे पिलबॉक्स एका रांगेत मांडले, तर एकच आराखडा किती हातांतून गेला याचा तो नकाशा होईल. मला या बांधकामात सगळ्यांत जास्त आवडतो तो हा भाग. वरचा हुकूम एकच होता, पण प्रत्येक गावच्या गवंड्याने हाताला आलेल्या मालातून तो आपापल्या परीने पुरा केला.

पण ज्या कामासाठी बांधला ते काम त्याला जमलं असतं का? त्याचा पहिला कडक टीकाकार एक सैनिकच होता. जुलै १९४० मध्ये आयर्नसाइड यांच्या जागी जनरल अ‍ॅलन ब्रुक आले. ते नुकतेच फ्रान्समध्ये प्रत्यक्ष लढून परतले होते. एका जागी खिळून बसलेल्या संरक्षणापेक्षा, चटकन हलू शकणाऱ्या आणि उलट हल्ला करणाऱ्या तुकड्यांवर त्यांचा भर होता. देशाच्या आतल्या रेषांवरचं बरंचसं बांधकाम त्यांनी मागे टाकलं. त्यांच्या टीकेत तथ्य होतं. जंगीतून दिसतं ते जगाचा एक छोटा तुकडा. समोर धूर सोडला की आतला माणूस आंधळा. एकदा का खोका कुठे आहे हे शत्रूला कळलं, की आतल्या माणसांना तेच बुटकं दार आणि बाहेर उभी बंदूक. आयर्नसाइड यांची बाजूही समजून घ्यायला हवी. हलणाऱ्या तुकड्यांना गाड्या आणि रणगाडे लागतात, आणि ते तेव्हा फ्रान्सच्या रस्त्यांवर पडलेले होते. जे नाही त्याच्यावर योजना आखता येत नाही.

परीक्षा मात्र कधीच झाली नाही. हिटलरने १६ जुलै १९४० रोजी स्वारीच्या तयारीचा हुकूम काढला आणि १७ सप्टेंबरला ती बेमुदत पुढे ढकलली. ती टळली ती मुख्यतः आकाशातल्या लढाईमुळे आणि ब्रिटिश नौदलाच्या धाकामुळे. म्हणजे कड्यावरच्या या खोक्यांनी देश वाचवला असं म्हणता येत नाही, आणि ते निरुपयोगी ठरले असंही सिद्ध झालेलं नाही. ज्या नाटकाचा प्रयोगच झाला नाही त्याची समीक्षा करण्यासारखं हे आहे. हातात फक्त संहिता आहे आणि नेपथ्य आहे.

नेपथ्य हा शब्द इथे अगदी शब्दशः खरा आहे. विमानातून पिलबॉक्स ओळखू येऊ नये म्हणून त्यांना सोंगं दिली गेली. कोणी गवताची गंजी झाला, कोणी समुद्रकाठचं दुकान, कोणी उन्हाळ्यातली लाकडी खोपी. लंडनच्या रंगभूमीवरचे नामवंत नेपथ्यकार ऑलिव्हर मेसेल यांनी सॉमरसेटमध्ये हे वेषांतराचं काम केलं. त्यांतली बहुतेक सोंगं रंगाची, कापडाची, लाकडाची होती, त्यामुळे ती केव्हाच गेली. पण ससेक्समधल्या पेव्हन्सीला एक नमुना अजून पाहता येतो, आणि तो जरूर पाहावा. तिथे तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधलेला रोमन किल्ला आहे. १०६६ मध्ये नॉर्मन सैन्य याच परिसरात उतरलं. १९४० मध्ये याच पडक्या भिंतींत मशीनगनचे मोर्चे असे बेमालूम बसवले, की समोर उभं राहूनही चटकन सापडत नाहीत. दगड जुन्या भिंतीसारखा, पडझड जुन्या भिंतीसारखी. फक्त एका ठिकाणी सावली जरा जास्तच सरळ पडलेली दिसते, तीच जंगी. १९४५ मध्ये किल्ला परत ताब्यात आल्यावर, हे मोर्चेही आता किल्ल्याच्या इतिहासाचाच भाग आहेत असं ठरवून ते तसेच ठेवले. युद्ध संपल्या संपल्या एवढा शहाणपणा दाखवणाऱ्या त्या अधिकाऱ्यांचं कौतुक करावंसं वाटतं.

त्यानंतरच्या लोकांनी या वास्तूंकडे कसं पाहिलं, हा माझा तिसरा प्रश्न. ब्रिटनमध्ये त्याचं सगळ्यांत लोकप्रिय उत्तर म्हणजे बीबीसीची 'डॅड्स आर्मी' ही मालिका. १९६८ ते १९७७ चालली, आजही पुन्हा पुन्हा दाखवतात, आणि आपल्यापैकी अनेक जण ती पाहून इंग्रजी विनोद शिकले. समुद्रकाठच्या गावातले म्हातारे आणि पोरसवदा होमगार्ड, जुन्या बंदुका, कॅप्टन झालेला बँकेचा मॅनेजर. मालिका प्रेमळ आहे आणि तिचा विनोद माणसांवर आहे, त्यांच्या धैर्यावर नाही. पण पाहणाऱ्याला शेवट माहीत असतो. शत्रू येणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच आपण निर्धास्त हसतो. पिलबॉक्सच्या आत उभं राहिलं की हा निर्धास्तपणा जातो.

दुसरं टोक फ्रेंच विचारवंत पॉल व्हिरिलिओ यांचं. १९३२ साली जन्मलेल्या व्हिरिलिओंनी नान्तमध्ये लहानपणी बॉम्बहल्ले पाहिले. १९५८ पासून काही वर्षं ते फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर जर्मनांनी सोडलेल्या बंकरांचे फोटो काढत हिंडले, आणि १९७५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन आणि 'बंकर आर्किऑलॉजी' हे पुस्तक आलं. बंकर हा विषय गंभीरपणे पाहायला जगाला या पुस्तकाने शिकवलं. त्यातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. साधी इमारत पायावर उभी असते. बंकर हा एकसंध दगडासारखा असतो, आपल्या वजनावर आणि गुरुत्वमध्यावर तोललेला. खालची वाळू सरकली तर तो मोडत नाही, आख्खा कलतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर तिरपे होऊन पडलेले, पण न फुटलेले पिलबॉक्स पाहिले की हे लगेच पटतं.

पण व्हिरिलिओंचा चष्मा इकडे जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांना बंकरांत प्राचीन थडगी आणि मंदिरं आठवतात. अटलांटिक वॉलच्या बाबतीत ते शोभतंही. ती भिंत १९४२ पासून, जिंकलेल्या देशांच्या किनाऱ्यावर, सक्तीने राबवलेल्या हजारो मजुरांच्या हातून उभी राहिली. तिथल्या अनेक बंकरांच्या भिंती दोन-दोन मीटर जाड आहेत. फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर जर्सी किंवा गर्न्सीला जावं. १९४० ते १९४५ ही बेटं जर्मनांच्या ताब्यात होती आणि तिथले प्रचंड बंकर त्याच भिंतीचा भाग आहेत. त्यांच्यासमोर एक फूट भिंतीचा, विटांच्या शटरिंगचा इंग्रजी पिलबॉक्स केविलवाणा दिसतो. त्याला मंदिर म्हणणं ही त्याची थट्टा होईल. जर्मन बंकर बांधणाऱ्यांनी दुसऱ्याची जमीन घेतली होती आणि ती सोडायची नव्हती. पिलबॉक्स बांधणाऱ्यांना आपल्या गावाच्या वेशीवर एखादा दिवस, कदाचित एखादा तास, शत्रूला थोपवून धरायचं होतं. व्हिरिलिओंच्या पानांत आकार आणि प्रतीकं इतकी मोठी होतात की बांधणारे हात लहान दिसू लागतात. पिलबॉक्समध्ये पाहण्यासारखं जे आहे, ते त्या हातांतच आहे.

तिसरी नजर फोटोग्राफर मार्क विल्सन यांची. २०१० ते २०१४ या काळात त्यांनी ब्रिटन आणि उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवरचे युद्धावशेष टिपले आणि 'द लास्ट स्टँड' हे पुस्तक काढलं. फिकट आकाश, मंद प्रकाश, माणसांविना किनारे, आणि त्यात हळूहळू वाळूत किंवा पाण्यात जाणारं काँक्रीट. हे फोटो सुंदर आहेत आणि त्यांनी एक मोठं काम केलं: जे उद्या नसेल ते आज नीट दाखवलं. माझी तक्रार एवढीच की ते जरा जास्तच शांत आहेत. धुक्यातला पिलबॉक्स पाहून मन हळवं होतं, पण १९४० च्या जूनमध्ये तिथे शांतता नव्हती. ट्रक होते, मिक्सर होते, घाम होता, 'आज स्लॅब पडलाच पाहिजे' असे हुकूम होते. भिंतीवरचे फळ्यांचे ठसे जवळून पाहिले तर ती घाई अजून दिसते. लांबून, सुंदर प्रकाशात ती दिसत नाही.

आता कड्याकडे येऊ, कारण ही सगळी चर्चा फार दिवस करता येणार नाही. एसेक्समधलं वॉल्टन-ऑन-द-नेझ हे लंडनकरांना एका दिवसात जाऊन येण्यासारखं ठिकाण. तिथे कड्यावर १७२० च्या सुमारास जहाजांना खूण म्हणून बांधलेला उंच मनोरा आहे, आणि खाली किनाऱ्यावर एक पिलबॉक्स पडलेला आहे. तो खाली बांधला नव्हता. तो कड्यावर होता. कडाच त्याच्या खालून निघून गेला. इथला कडा वरती लालसर वाळूचा आणि खाली चिकणमातीचा. पाऊस वरून मुरतो, माती निसरडी होते, समुद्र पायथा खातो, आणि कडा दरवर्षी साधारण दोन मीटर मागे सरकतो. यॉर्कशायरमधल्या होल्डरनेसच्या किनाऱ्याचीही तीच गत आहे. तिथे सरासरी वर्षाला दीड ते दोन मीटर. आठ दशकांत सव्वाशे मीटरच्या वर जमीन गेली, म्हणजे १९४० मध्ये समुद्रापासून शंभर मीटर आत बांधलेला पिलबॉक्स आज लाटांत असणार. किल्नसीला तर पहिल्या महायुद्धातल्या तोफखान्याचे प्रचंड तुकडे किनाऱ्यावर विखुरलेले आहेत.

मग ते वाचवायचे का? इथे भावनेपेक्षा भूगोल जास्त उपयोगी पडतो. तुमची मुलं जीसीएसईला होल्डरनेसचा धडा शिकली असतील तर त्यांना विचारा. १९९१ मध्ये मॅपलटन गाव वाचवायला तिथे दगडी बांध घातले. गाव वाचलं, पण दक्षिणेकडे वाहून जाणारी वाळू अडली आणि पुढच्या काउडनच्या बाजूची धूप वाढली, शेतघरं गेली. एका ठिकाणी समुद्राला 'नाही' म्हटलं की तो शेजाऱ्याच्या दारात जातो. राहत्या घरांसाठीसुद्धा हा खर्च सगळीकडे परवडत नाही, तिथे रिकाम्या खोक्यांसाठी कोण करणार, आणि का करावा?

शिवाय काय जपलं जातं यातही थोडा पंक्तिप्रपंच असतो. डॉर्सेटमधल्या स्टडलंडला 'फोर्ट हेन्री' नावाचा लांबलचक निरीक्षण-बंकर आहे, १९४३ मध्ये कॅनडाच्या इंजिनिअरांनी बांधलेला. १८ एप्रिल १९४४ रोजी इथे चर्चिल, राजे सहावे जॉर्ज, आयझेनहॉवर आणि माँटगोमेरी यांनी डी-डेची रंगीत तालीम पाहिली. त्याच महिन्यात, ४ एप्रिलला, तिथल्याच सरावात तरंगते रणगाडे बुडून सहा जवान गेले. त्यांचं स्मारकही तिथे आहे. ही जागा जपलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण तिथे मोठी माणसं आली होती म्हणून तिला नाव आहे. हजारो टाइप २४ कडे फक्त क्रमांक आहे, कारण त्यांच्यात बसले होते ते गावातले शिपाई, शेतकरी, पोस्टमन.

या बिननावाच्या खोक्यांना न्याय दिला तो बहुतांशी हौशी माणसांनी. हेन्री विल्स यांनी १९८५ मध्ये 'पिलबॉक्सेस' हे पुस्तक काढलं आणि विषयाला पाया दिला. पुढे काउन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजीने १९९५ ते २००२ 'डिफेन्स ऑफ ब्रिटन' हा प्रकल्प चालवला. सुमारे सहाशे स्वयंसेवक शनिवार-रविवारी नकाशे घेऊन हिंडले आणि जवळजवळ वीस हजार जागांची नोंद झाली. निवृत्त शिक्षक असोत की नोकरदार, कोणीही यात भाग घेऊ शकत होतं. आपल्याकडे सह्याद्रीत हिंडणारी मंडळी पाण्याची टाकी आणि पायऱ्या नोंदवत फिरतात, त्याच जातीचं हे काम. माझं मत असं, की खरं जतन हेच आहे. प्रत्येकाची नोंद आणि मापं घ्यावीत. पेव्हन्सीसारखे निवडक नमुने, आतल्या भूभागातले काही, आणि वेगवेगळ्या शटरिंगचे एकेक असे राखावेत. कड्यावरचे बाकीचे समुद्राला जाऊ द्यावेत. कायमचं टिकावं म्हणून ते बांधलेच नव्हते, आणि त्यांच्याभोवती कुंपण, पाटी आणि भेटवस्तूंचं दुकान आलं तर त्यांतली घाई आणि भीती दोन्ही पुसली जाईल.

भीती हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. इथल्या शाळेत आणि टीव्हीवर १९४० ची गोष्ट बहुधा धैर्याची म्हणून सांगितली जाते: ब्रिटन एकटं उभं राहिलं आणि जिंकलं. धैर्य खरंच होतं. पण 'एकटं' हा शब्द आपल्या मुलांनी तपासून घ्यावा. डंकर्कहून परत आलेल्या त्या सैन्यात भारतीय खेचरांच्या तुकड्याही होत्या. 'फोर्स के ६' या नावाने १९३९ च्या डिसेंबरात फ्रान्सला पोचलेल्या चार कंपन्यांपैकी एक जर्मनांच्या हाती सापडली, बाकीच्या इंग्लंडला आल्या आणि १९४४ च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्येच होत्या. त्यांतले बहुतेक पंजाबी मुसलमान होते. त्यांच्यापैकी काही जण स्कॉटलंडमधल्या किंगुसीच्या दफनभूमीत चिरनिद्रा घेत आहेत. स्वारी होणार या भीतीने ब्रिटन जागं होतं त्या काळात, आपल्या उपखंडातली माणसंही या बेटावर पहाऱ्याला होती. ही गोष्ट आमच्या मुलांना शाळेच्या पुस्तकात क्वचितच भेटते, म्हणून ती घरी सांगायला हवी.

आणि धैर्याबरोबर भीतीही सांगायला हवी. पराक्रमाच्या गोष्टी ऐकून मुलांना वाटतं की शूर माणसांना जिंकणार हे आधीच माहीत असतं. पिलबॉक्स नेमकं उलट सांगतो. एक फूट भिंत पुरणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसांनी ती एक फूट भिंत बांधली, वेळेत बांधली, आणि नंतर तिच्या आत बसायची तयारी ठेवली. हे मला चकचकीत स्मारकांपेक्षा जास्त शिकवतं. तेव्हा पुढच्या वेळी कड्यावर गेलात तर काठापासून दूर राहा, पण सुरक्षित जागी असलेल्या पिलबॉक्समध्ये मुलांना वाकून आत न्या. भिंतीवरच्या फळीच्या ठशावर त्यांना हात ठेवू द्या, जंगीतून किती थोडा समुद्र दिसतो ते पाहू द्या, आणि त्यांनी "इथे कोण जिंकलं?" असं विचारलं तर खरं उत्तर द्या: ज्यांनी हे बांधलं त्यांना ते अजून माहीत नव्हतं.